स्तनपुनर्रचना, वेदना आणि नर्व्ह ब्लॉक : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दाखविली जात नाही, आणि दाखविली जाते तेव्हा पुष्कळदा पूर्ण स्तन काढून टाकण्यावाचून दुसरा मार्ग उरलेला नसतो. या आजारात वेदना येते ती रोगाच्या आधी नव्हे, तर बऱ्याच अंशी उपचाराबरोबर येते. म्हणूनच स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा इतिहास हा शस्त्रक्रियेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. स्तन काढल्यानंतर त्याची पुनर्रचना करावयाची झाल्यास जखमेचे क्षेत्र आणखी वाढते. पाठीचा किंवा पोटाचा स्नायू व त्वचा छातीवर आणावी लागते, अथवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली सिलिकॉनचे रोपण बसवावे लागते. अशा रुग्णाच्या शरीरात एक नव्हे तर दोन ठिकाणी ठणका असतो.

या ठणक्यावर अफूवर्गीय औषधांचा मारा न करता, वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या मार्गातच बधिर करणारे औषध सोडून ती मेंदूपर्यंत पोहोचू न देणे, यास नर्व्ह ब्लॉक म्हणतात. मराठीत चेतारोध असा शब्द योजता येईल. तथापि रुग्णालयात भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि आता रुग्णाचे नातेवाईकही ‘ब्लॉक’ असेच म्हणतात. प्रस्तुत निबंधात या तंत्राचा उगम, महाराष्ट्रातील त्याची पार्श्वभूमी आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ते पोहोचण्यातील अडसर यांचा विचार केला आहे.

पुण्याचे नाक :

पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राचे स्थान एका नाकामुळे निश्चित झाले आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून वावरला. त्यानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यविशारदांनी ही क्रिया पाहिली, आणि तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने पुढे १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. यांतून आधुनिक युरोपीय प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली, हे सर्वमान्य आहे.

वृत्तांतात कारागिराचे नाव नाही. नाकाच्या आकाराचा मेणाचा पत्रा कपाळावर सपाट करून रेषा आखणे, दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक दांडा जोडलेलाच ठेवणे, टाके न घालता कात लावलेल्या फडक्याच्या पट्ट्यांनी नाक धरून ठेवणे आणि सुमारे २५ दिवसांनी तो दांडा कापणे, हे सर्व मात्र तपशिलाने दिले आहे. रुग्णाला काय सोसावे लागले, याबद्दल तेथे शब्द नाही. हे मौन त्या काळाला धरूनच होते. वेदना ही शस्त्रक्रियेची किंमत मानली जाई आणि किंमतीची नोंद कारागीर ठेवत नसे.

जिवंत रक्तपुरवठा टिकवून कातडीचा तुकडा फिरविणे, हेच कपाळावरील त्या दांड्याचे तत्त्व आज पाठीच्या किंवा पोटाच्या स्नायूवरून स्तन घडविताना वापरले जाते. इटलीतील पाव्हिया येथील इजिनिओ तान्सिनी याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि १९०६ मध्ये पाठीच्या रुंद स्नायूसह त्वचा छातीवर आणण्याची पद्धत वर्णिली. ती बराच काळ विस्मरणात गेली. त्याचे एक कारण पुढील प्रकरणात येणार आहे.

क्लोरोफॉर्म आणि निजामाचा वऱ्हाड :

बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांताचा भाग होता, तो प्रांत १८५३ च्या तहाने कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. मात्र सार्वभौमत्व निजामाचेच मानले जात होते. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. भूलशास्त्राच्या इतिहासात निजामाचे नाव नेमके याच अंतराळात येते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग चालविले. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड दिले, आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना प्रतिनिधी म्हणून पाठविले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. १९११ साली ए. जी. लेव्ही याने क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते हे दाखवून त्या निष्कर्षाला तडा दिला.

या आयोगांच्या कामात रूपाबाई फर्दुनजी यांचा सहभाग होता. त्या हैदराबादच्या वैद्यकीय शाळेच्या विद्यार्थिनी, आणि पुढे भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांपैकी एक म्हणून त्यांची गणना होते. निजामाच्या मुलखात एक स्त्री रुग्णाच्या उशाशी उभी राहून श्वास मोजीत होती, ही घटना आयोगाच्या चुकलेल्या निष्कर्षापेक्षा अधिक टिकाऊ ठरली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्लोरोफॉर्ममुळे शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना गेली. शस्त्रक्रियेनंतरची वेदना मात्र जिथल्या तिथे राहिली. रुग्ण शुद्धीवर आला की ती परत येई, आणि तिच्यावर अफू किंवा मॉर्फिन हाच उपाय होता. हा भेद इतिहासलेखनात फारसा केला जात नाही. १८४६ च्या इथरनंतर जणू वेदनाच संपली, अशा थाटात पाठ्यपुस्तके लिहिली गेली.

हॉलस्टेड : एकाच माणसाचे दोन वारसे :

१८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखविले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड व त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन थेट चेतातंतूच्या बाजूला टोचून त्यापुढील सर्व भाग बधिर करण्याचे प्रयोग सुरू केले. नर्व्ह ब्लॉकचा आरंभ येथून धरला जातो. प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि त्यातून हॉलस्टेडला कोकेनचे व्यसन जडले.

स्तनासह छातीचे स्नायू व काखेतील गाठी एकाच वेळी काढणारी मोठी शस्त्रक्रियाही याच हॉलस्टेडची. १८९४ मध्ये त्याने तिचा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढील सुमारे सत्तर वर्षे जगभर तीच चालली. जखम बुजविण्यासाठी कातडी फिरवून आणणे रोगाचे पुनरागमन झाकून टाकील, अशा भीतीने त्याने पुनर्रचनेला विरोध केला. तान्सिनीची पद्धत मागे पडण्यास त्याचा अधिकार बराचसा कारणीभूत झाला. म्हणजे ज्या माणसाने वेदना थांबविण्याचे साधन दिले, त्यानेच सर्वांत मोठी जखम दिली आणि ती भरून काढण्याचा मार्गही अडविला. या दोन वारशांची गाठ पडण्यास विसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

दरम्यान औषधे सुरक्षित होत गेली. कोकेनऐवजी १९०५ पासून प्रोकेन, १९४८ पासून लिग्नोकेन आणि १९६० च्या दशकात दीर्घकाळ टिकणारे ब्युपिव्हाकेन आले. ह्यूगो सेलहाइम याने १९०५ मध्ये पाठीच्या कण्याच्या बाजूला, चेतातंतू बाहेर पडतात तेथेच औषध देण्याची पॅराव्हर्टेब्रल पद्धत वापरली. ती विसरली गेली आणि १९७९ मध्ये ईसन व वायट यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. पुनर्रचनेच्या बाजूनेही हालचाल झाली. १९६२ मध्ये टेक्ससमध्ये पहिले सिलिकॉन रोपण झाले. १९७० च्या दशकात पाठीचा स्नायू पुन्हा वापरात आला आणि १९८२ मध्ये कार्ल हार्ट्रम्फ याने पोटाच्या स्नायूपासून स्तन घडविण्याची पद्धत मांडली.

मुंबई आणि नागपूर :

महाराष्ट्रात कर्करोगाच्या संघटित उपचाराचा आरंभ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यापासून धरतात. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. याच सुमारास १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातील असा तो पहिला विभाग समजला जातो. विदर्भाच्या दृष्टीने ही बाब अभिमानाची आहे. तथापि या विभागांपुढे भाजलेल्यांचे, अपघातग्रस्तांचे व जन्मजात व्यंगांचे काम इतके होते की, स्तनपुनर्रचना बराच काळ अपवादानेच होई. कर्करोग झालेल्या स्त्रीचा जीव वाचला, आता छातीच्या आकाराचे काय घेऊन बसायचे, ही धारणा घरात होती तशी काही प्रमाणात दवाखान्यातही होती.

बुलढाणा जिल्ह्यातून उपचाराला जाण्याच्या वाटा भूगोलाने ठरविल्या आहेत. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून मुंबईची गाडी मिळते. घाटावरच्या चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूला छत्रपती संभाजीनगर जवळ पडते आणि तेथे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. मुंबईत गेलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. मूळ वऱ्हाडातल्याच संताच्या नावाने चालणारी ही वास्तू वऱ्हाडी रुग्णांच्या उपचाराचा भाग बनली आहे, हे कोणत्याही वैद्यकीय अहवालात सापडणार नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाल्यावर (पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले) शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका झाला. घरी परतल्यावर होणाऱ्या दुखण्याचा भार मात्र कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही.

हे दुखणे क्षुल्लक नाही. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षे उलटूनही ४७ टक्के स्त्रियांनी वेदना सांगितली. काखेतून दंडाकडे जाणारा चेतातंतू दुखावल्याने हात उचलताना कळ येते, आग होते. शेतात निंदणी-वेचणी करणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हाताची कळ हा थेट मजुरीचा प्रश्न होतो.

नव्या पद्धती आणि पुरावा :

स्तनाची संवेदना मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या फासळीमधील चेतातंतूंच्या शाखा वाहून नेतात. वरचा थोडा भाग मानेतून येणाऱ्या तंतूंकडे असतो, तर छातीच्या स्नायूंना वेगळे तंतू जातात. रोपण स्नायूखाली बसविले की स्नायू आकडतो आणि त्याची वेदना त्वचेच्या वेदनेहून निराळी असते. हा भेद लक्षात घेऊन स्पॅनिश भूलतज्ज्ञ राफाएल ब्लांको यांनी २०११ मध्ये छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडण्याची पद्धत मांडली. २०१२ मध्ये तिचा विस्तार केला आणि २०१३ मध्ये दातेरी स्नायूच्या पदरातील ब्लॉक सांगितला. २०१६ मध्ये फोरेरो व सहकाऱ्यांनी पाठीच्या उभ्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या टोकावर औषध देण्याचा ब्लॉक वर्णिला. पोटावरून ऊतक घेतले असेल तर पोटाच्या भिंतीतील स्वतंत्र ब्लॉक लागतो. त्याचे पहिले वर्णन २००१ चे आहे. पॅराव्हर्टेब्रल पद्धत परिणामकारक असली तरी तीत फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागण्याचा धोका असतो. नव्या पद्धतींत सुई बहुधा त्यापासून दूर राहते, आणि त्यांचा प्रसार झपाट्याने होण्याचे हे मुख्य कारण आहे.

एका वेळच्या ब्युपिव्हाकेनचा परिणाम साधारणतः आठ ते बारा तास, क्वचित त्याहून अधिक टिकतो. मात्रा वजनावर ठरते. दर किलोला दोन मिलिग्रॅम धरल्यास ४५ किलो वजनाच्या स्त्रीला ९० मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्का द्रावणाचे ३६ मिलिलिटर एवढीच मर्यादा येते. छाती व पोट अशा दोन ठिकाणी ब्लॉक द्यावयाचा असेल तर हा हिशेब फार जपून करावा लागतो, कारण औषध अधिक झाल्यास झटके येतात आणि हृदय बंद पडू शकते.

ब्लॉकमुळे कर्करोग परत येण्याचे प्रमाण घटते काय, हा प्रश्न २००६ पासून चर्चेत आहे. त्या वर्षी १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून तशी आशा व्यक्त झाली. परंतु २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या बहुराष्ट्रीय चाचणीत पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक आणि नेहमीची भूल यांत पुनरागमनाचे प्रमाण सारखेच, सुमारे १० टक्के निघाले. दीर्घकालीन वेदनेतही फरक दिसला नाही. ब्लॉकच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी या दुसऱ्या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. पहिल्या रात्रीचा ठणका कमी होतो, हे बहुतांश चाचण्यांतून दिसते. वर्षानंतरची कळ टळते, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये टाटा मेमोरियलचे राजेंद्र बडवे व सहकारी यांनी निराळ्या दिशेने पुरावा पुढे आणला. भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांची निवड करून त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या भोवती अर्धा टक्का लिडोकेन, म्हणजे आपले परिचित लिग्नोकेन, टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६ टक्के, तर जिवंत असलेल्यांचे ९०.१ विरुद्ध ८६.४ टक्के आढळले. हा नर्व्ह ब्लॉक नव्हे आणि ही चाचणी वेदनेसाठी नव्हती. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचेही इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे आणखी चाचण्यांची अपेक्षा रास्त आहे. तरीही तालुक्याच्या दवाखान्यात दात काढताना वापरले जाणारे स्वस्त औषध मुंबईच्या संशोधनातून अशा रीतीने पुढे यावे, याला महत्त्व आहे. स्वस्त औषधावर चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला रस नसतो.

सोनोग्राफी यंत्राचा प्रश्न :

वर सांगितलेल्या बहुतेक नव्या पद्धती सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत केल्या जातात. आणि येथेच बुलढाणा जिल्ह्याचा सामाजिक इतिहास भूलतज्ज्ञाच्या सुईआड येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये तो कडक करण्यात आला. या कायद्यान्वये गर्भलिंग कळू शकेल असे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदवावे लागते, मग ते मानेची शीर पाहण्यासाठी असो की छातीचा पदर. २०१२ च्या दुरुस्त नियमांनी हलते यंत्र नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवाराबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता त्याला अपवाद आहे.

हे निर्बंध अनाठायी होते असे बुलढाण्यापुरते तरी म्हणता येणार नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८५५ वर आली. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या जिल्ह्याची ही आकडेवारी आहे. गर्भातील मुलगी शोधण्यासाठी ज्या यंत्राचा दुरुपयोग झाला, तेच यंत्र जगलेल्या मुलीच्या आईच्या वा आजीच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना थांबविण्यास लागते. जिल्ह्यांतील खाजगी भूलतज्ज्ञ बहुधा एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात बोलावण्यावर जातो. यंत्र पिशवीत घालून त्याला नेता येत नाही, आणि प्रत्येक लहान रुग्णालय भूलतज्ज्ञासाठी वेगळे यंत्र नोंदवीत नाही. कायदा सैल करावा, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. भूलतज्ज्ञांच्या यंत्रांची वेगळी वर्गवारी करून तिच्यावर तितकीच करडी नजर ठेवणे शक्य आहे.

दुसरा पर्याय असलेले मॉर्फिनही सहज मिळत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. जो देश औषधी अफू पिकवितो, त्याच देशातील रुग्णालयांत मॉर्फिन दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक औषधांपुरती वाट मोकळी केली, पण कागदावरील वाट आणि औषधाच्या कपाटापर्यंतची वाट यांत अंतर असते. तेव्हा ज्या जिल्ह्यात अफूवर्गीय औषध दुर्मीळ आणि यंत्र बंदिस्त, तेथे ब्लॉकची गरज मोठ्या शहरापेक्षा अधिक आणि सोय कमी, अशी विषम स्थिती निर्माण होते.

या कोंडीतून निघण्याची एक साधी रीत शल्यविशारदांच्याच हातात आहे. स्तन काढल्यावर छातीचे स्नायू व त्यांमधील पदर डोळ्यांसमोर उघडे असतात. टाके घालण्यापूर्वी भूलतज्ज्ञाने मोजून दिलेले ब्युपिव्हाकेन शल्यविशारदाने त्याच पदरात प्रत्यक्ष पाहून सोडले, तर सोनोग्राफीची गरज राहत नाही. या रीतीचा वापर अनेक ठिकाणी होतो आणि तिचे परिणाम सोनोग्राफीच्या ब्लॉकशी तुलना करण्याजोगे असल्याचे काही अभ्यास सांगतात. तिला लागते ते एक सिरिंज, लांब सुई आणि दोन डॉक्टरांमधील संवाद. बुलढाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळून पहिल्या शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची वाट खुली झाली. २०११ च्या गणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात तोवर वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अकोला, यवतमाळ, नागपूर किंवा मराठवाडा गाठावा लागे. तेथील शल्यचिकित्सा व भूलशास्त्र हे विभाग जसजसे उभे राहतील, तसतसा स्तन काढून टाकलेल्या स्त्रीच्या पहिल्या रात्रीचा प्रश्न त्यांच्या दैनंदिन कामात येईल. पुनर्रचनेसाठी तिला त्यानंतरही नागपूरला किंवा मुंबईला जावे लागणे संभवते. परंतु छातीच्या पदरात सोडावयाचे ते ३६ मिलिलिटर औषध बुलढाण्यातच देता येण्यासारखे आहे.